काट्याचे स्वतःचे चार किलो

प्रसूतिगृहात 'माहितीपूर्ण निवड कक्ष' सुरू झाला तेव्हा सगळ्या खोल्या आधीच भरलेल्या होत्या, म्हणून तो जिन्याखाली उघडण्यात आला. तिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत. खुर्च्या तशाच राहिल्या. त्यांतल्या एकीवर एक निवड-सहायक बसवण्यात आला आणि दारावर पाटी लागली : 'आपले शरीर, आपला निर्णय. वेळ अकरा ते एक.' जिना खाली उतरत असल्यामुळे आत जाताना मान खाली घालावी लागे. निर्णय घ्यायला जाताना मान खाली घालावी लागते हे कोणाला खटकलं नाही. बहुतेकींना सवय होती.

मापबाईंचा या कक्षाशी संबंध पाचव्या महिन्यात आला. मापबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. त्या वजन-मापे खात्यात निरीक्षक होत्या आणि बाजारातले दुकानदार त्यांना पाठीमागे मापबाई म्हणत. समोर 'मॅडम, चहा सांगू?' म्हणत. बारा वर्षं त्यांनी तराजू तपासले होते. प्रमाणित वजनं जीपमधून उतरवायची, रिकाम्या पारड्याचा काटा शून्यावर आहे का ते डोळा बारीक करून बघायचं, आणि नसेल तर दुकानदाराने कितीही लोणी लावलं तरी शिक्का मारायचा नाही, असा त्यांचा खाक्या होता.

अंगाने त्या भरलेल्या होत्या. लहानपणी होत्या, लग्नात होत्या, आणि आता पोटात बाळ होतं तेव्हाही होत्या. या गोष्टीची त्यांना पूर्ण कल्पना होती. तरीही रोज कोणी ना कोणी ती बातमी आत्ताच फुटल्यासारखी त्यांच्या कानावर घालायचं.

तपासणीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात वजनाचं मोठं यंत्र होतं. त्यावर पाय ठेवण्याआधी मापबाईंनी सवयीने काट्याकडे पाहिलं. काटा चारवर होता.

"आयाबाई, यावर कोणी उभं नाहीये ना?"

"नाही."

"मग हे चार किलो कोणाचे?"

"त्याचेच," आयाबाई शांतपणे म्हणाल्या. "जुनं यंत्र आहे. त्याला टेकायला तेवढे लागतात. तुम्ही चढा."

मापबाई चढल्या. आयाबाईंनी आकडा ओरडून सांगितला. ओरडूनच सांगायची पद्धत होती, कारण तो लिहून घेणारा कारकून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. पंखा तिकडे होता. मधल्या बाकांवरच्या सगळ्या बायकांनी आकडा ऐकला, एकदा वर पाहिलं आणि मग अगदी सभ्यपणे ऐकलंच नाही असं दाखवलं.

आकड्यावरून फाईलचा रंग ठरत असे. एका हद्दीपर्यंत पिवळी, त्यापुढे लाल. रंग पहिल्या वजनाला ठरे आणि पुन्हा बदलत नसे. मापबाई हद्दीच्या तीन किलो पुढे गेल्या होत्या. काट्याने आपले चार परत घेतले असते तर त्या एक किलो अलीकडे राहिल्या असत्या. हे गणित त्यांनी जागच्या जागी केलं, पण तोवर कारकुनाने लाल फाईलला दोरा बांधून टाकला होता.

मोठ्या डॉक्टरांनी फाईल पाहिली. फाईलच पाहिली.

"शस्त्रक्रिया," ते म्हणाले. "मंगळवारी, दहा वाजता."

"या मंगळवारी?" मापबाई दचकल्या. "मला पाचवा चालू आहे."

"नाही हो, चार महिन्यांनंतरच्या. लाल फाईल मंगळवारी असते. दुसरं काही?"

"अंगठा सुजलाय. परवा ड्रायव्हरच्या हातून पायावर वीस किलोचं वजन पडलं."

"वजनामुळे होतं असं," डॉक्टर म्हणाले आणि तेही लिहून ठेवलं.

मापबाईंनी विचारलं की शस्त्रक्रिया का, आणि नाही केली तर काय होईल. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. बाहेर चाळीस बायका बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे प्रत्येकीसाठी चार मिनिटं होती, त्यातलं दीड मिनिट अंगठ्यात गेलं होतं. "माहितीसाठी स्वतंत्र कक्ष आहे," ते म्हणाले. "जिन्याखाली."

निवड-सहायक उत्साही होते. त्यांच्याकडे कोणी येत नसे.

"बसा, बसा. त्या खुर्चीवर नको, तिला तीनच पाय आहेत. हं, लाल. म्हणजे नमुना सतरा-ख." त्यांनी कागद पुढे सरकवला. "दोन पर्याय आहेत. शांतपणे वाचा. आमच्याकडे कसलीही बळजबरी नाही."

मापबाईंनी वाचलं. पर्याय एक : 'मला संपूर्ण माहिती मिळाली असून मी शस्त्रक्रिया निवडत आहे.' पर्याय दोन : 'मला माहिती मिळाली नसली तरी मी शस्त्रक्रिया निवडत आहे.'

"आणि शस्त्रक्रिया नको असेल तर?"

"मग ती निवड होत नाही. तो नकार होतो." सहायकांनी सहानुभूतीने मान हलवली. "नकार कक्ष वेगळा. त्याचा प्रस्ताव वर गेलाय, पण अजून जिना मिळालेला नाही."

"मला नकार द्यायचा नाहीये. मला कळून घ्यायचंय."

"मग पर्याय दोन घ्या. बहुतेक बायका तोच घेतात. प्रामाणिकपणाबद्दल मागच्या वर्षी आमच्या कक्षाचं कौतुकही झालं."

मापबाईंनी सही केली नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी आल्या. खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या. शस्त्रक्रियेला नव्हे, गरज पडली तर पोट फाडायला त्यांची ना नव्हती. ज्या दिवशी आपलं मूल जगात येणार त्या दिवशी आपल्याला कोणी काही विचारणारच नाही, आपल्याला फक्त एका रंगाच्या फाईलीतून दुसऱ्या खोलीत सरकवलं जाणार, याची त्यांना भीती वाटत होती.

घरी वेगळा कक्ष भरलेला होता. नवरा बस-आगारात वेळापत्रकं बनवायचा. मंगळवार, दहा वाजता, हे ऐकून त्याचा चेहरा उजळला. "निदान वेळ तरी नक्की झाली! आमच्याकडे एवढी आधी एकही गाडी लागत नाही."

"मी गाडी आहे का?"

"तसं नाही गं. शेवटी तू म्हणशील तसं," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवारभोवती गोल काढून आला.

सासूबाईंचं मत पक्कं होतं. "मी सांगत होते, आधी वजन उतरवा, मग पाळणा हलवा. पण माझं ऐकतंय कोण? आता दोन जिवांची आहेस, पोटभर खा. पण फार खाऊ नकोस."

नणंद काडीसारखी बारीक होती, आणि तिच्या वेळी रक्तदाब वाढून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण ते आता कोणाला आठवत नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. "वहिनी, तुझ्या काळजीने सांगते," अशी सुरुवात करून तिने जे काही सांगितलं, त्यात काळजी शेवटपर्यंत सापडली नाही.

मापबाईंनी रीतसर मार्ग धरला. खात्यामार्फत प्रसूतिगृहाला पत्र पाठवलं : आपल्या व्हरांड्यातील यंत्र शून्यावर नाही, तरी पडताळणी करून घ्यावी. दहा दिवसांत उत्तर आलं, म्हणजे प्रकरण फारच गंभीर होतं. उत्तरात म्हटलं होतं : 'या संस्थेत कोणत्याही मालाची विक्री वजनावर होत नाही. सबब ग्राहकाची फसवणूक संभवत नाही. रुग्णास चार किलो अधिक दिल्याबद्दल संस्था कोणतेही शुल्क आकारत नाही.'

पुढच्या तपासणीला मापबाई जीपमधून गेल्या. रुग्णाने येताना सोबत प्रमाणित वजनं आणू नयेत, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आधी पाहून घेतलं होतं. म्हाताऱ्या ड्रायव्हरने वीस-वीस किलोची पाच वजनं एकेक करून यंत्रावर ठेवली, या खेपेला मापबाईंच्या अंगठ्यापासून चांगला हातभर लांब.

"ओरडा आयाबाई," मापबाई म्हणाल्या.

"एकशे चार!" आयाबाई ओरडल्या. कारकुनाने सवयीने लिहून घेतलं आणि लाल फाईल काढली.

"ही शंभर आहेत. सरकारी शिक्का आहे यांच्यावर."

 मग बाकावरची एक बाई उठली. "म्हणजे माझेही चार कमी?" तिच्या मागे दुसरी उठली, पहिल्या बाळंतपणात तिची फाईल लाल होती. तिसरी तर सोबत आलेली, गर्भवतीही नव्हती. पण चार किलो फुकट सुटत असतील तर तीही रांगेत आली. गलका ऐकून अधीक्षक जिना उतरून खाली आले.

अधीक्षकांना एका नजरेत संकट कळलं. काटा चुकला असेल तर अकरा वर्षांच्या फाईली चुकल्या. फाईली चुकल्या तर मंगळवार चुकले. मंगळवार चुकले तर आजवर मंगळवारी जे जे झालं, त्याचं काय? त्यांनी मापबाईंना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, तुम्ही पण सरकारी, आम्ही पण सरकारी. कशाला उगीच बभ्रा? तुमच्यापुरते चार किलो वजा करून टाकू. पिवळी फाईल देतो. खूश?"

मापबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. सुमारे सहा मिनिटं ते उतरलेलं राहिलं. मग त्या जिन्याखाली गेल्या.

"अभिनंदन! पिवळी म्हणजे सतरा-ग," निवड-सहायक म्हणाले. पर्याय एक : 'मला संपूर्ण माहिती मिळाली असून मी नैसर्गिक प्रसूती निवडत आहे.' पर्याय दोन त्यांनी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती.

"आणि ऐनवेळी शस्त्रक्रियेची गरज पडली तर?"

"पिवळ्यात ती सोय नाही. पिवळी गुरुवारी असते." ते जरा दुखावले होते. "मॅडम, राग मानू नका, पण तुम्हाला नक्की हवंय तरी काय? लाल दिली, नको. पिवळी दिली, नको. मग निवड-निवड काय ते?"

मापबाईंनी पिवळी फाईल टेबलावर ठेवली. "मला रंग नकोय."

रंग नको म्हणणारी बाई प्रसूतिगृहाच्या इतिहासात पहिलीच. तीन सदस्यांची समिती नेमण्यात आली. मापबाईंच्या दोन्ही फाईली पुरावा म्हणून कपाटात बंद झाल्या आणि कपाटाची किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष रजेवर गेले.

त्या दिवशी मापबाई मागच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या आणि चक्क रडल्या. बारा वर्षं दुसऱ्यांचे काटे सरळ केले, आणि आपली वेळ आली तेव्हा हे! तेवढ्यात थोरल्या सिस्टर डबा खायला तिथे आल्या. तीस वर्षं प्रसूतीच्या खोलीत काढलेली बाई, गुडघे दुखायचे, बोलायला फटकळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"हे बघ पोरी, खोटं सांगणार नाही. तुझ्या अंगाच्या बाईला साखर वाढायचा, दाब वाढायचा धोका जरा जास्त असतो. जास्त म्हणजे, होणारच असं नाही. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि दाब बघताना दंडाला मोठा पट्टा माग. लहान पट्टा आवळून लावला की दाब उगाच जास्त दाखवतो."

"म्हणजे तिथेही काटा खोटा?"

"तुला बरोब्बर कळेल. कपाटात आहे मोठा पट्टा, कोणी मागत नाही म्हणून पडून आहे. आता पुढचं. ऑपरेशन वाईट नाही, किती जीव वाचलेत माझ्या डोळ्यांदेखत. पण तुझा टाका भरायला वेळ लागू शकतो, जखम चिघळू शकते. म्हणून ते हौसेने करायचं नाही आणि लागलं तर अडून बसायचं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटून ठेव. कळा सुरू झाल्यावर झोपून राहायलाच पाहिजे असं नाही. चालता येतं, कुशीवर वळता येतं. बाळाचे ठोके आम्ही बघत राहू. आणि कोणी काही करू म्हणालं की तीन प्रश्न विचार. का? नाही केलं तर काय? जरा थांबलं तर काय?"

"डॉक्टर चिडले तर?"

"चिडू दे. उत्तर देताना चिडेल, पण देईल."

हे सगळं व्हायला बारा मिनिटं लागली. इतक्या महिन्यांत मापबाईंना मिळालेली ही पहिली माहिती होती, आणि तिच्यासाठी कोणताही नमुना नव्हता. घरी जाऊन त्यांनी एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं : कळा आपोआप येऊ द्याव्यात. चालू-फिरू द्यावं. मोठा पट्टा. काही करायचं झालं तर आधी मला सांगावं. सांगितलेलं पटलं तर शस्त्रक्रियेला माझी तयारी आहे. खाली सही केली. पुढच्या तपासणीला निवड-सहायकांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, वर-खाली कुठेही नमुना क्रमांक नाही म्हणून घेतला नाही. मापबाईंनी तो पर्समध्येच ठेवला.

कळा सुरू झाल्या बुधवारी सकाळी. म्हणजे ना लाल दिवस, ना पिवळा. नवऱ्याने कॅलेंडरवरचा गोल पाहिला, मग बायकोकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळापत्रक न बघता घराबाहेर पडला.

ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी फाईल मागितली. फाईल कपाटात, किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष रजेवर. वय, महिना, साखर, दाब, काहीच समोर नाही. आता या बाईचं करायचं काय, हे कळायला एकच मार्ग उरला. असा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आला नव्हता.

"मग," त्यांनी खुर्ची जवळ ओढली, "तुम्हीच सांगा. तुम्हाला काय हवंय?"

मापबाईंनी पर्समधून कागद काढला. घडी उलगडून त्यांच्या हातात दिला.

दिवसभर त्या चालल्या, थांबल्या, भिंत धरून उभ्या राहिल्या, कुशीवर वळल्या. थोरल्या सिस्टरनी मोठा पट्टा बांधला. दाब ठीक होता. नवरा बाहेर फेऱ्या मारत होता आणि आतल्या कण्हण्यावरून दोन कळांमधलं अंतर लिहून आत पाठवत होता. ते मात्र खरंच उपयोगी पडलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई पुन्हा जवळ येऊन बसल्या.

"बाळाचे ठोके कळेबरोबर खाली जाताहेत आणि सावरायला वेळ घेताहेत. मला वाटतं, ऑपरेशन करावं."

"का, ते कळलं," मापबाई धापा टाकत म्हणाल्या. "नाही केलं तर?"

"बाळाला प्राणवायू कमी पडेल."

"जरा थांबलं तर?"

"थांबायला मी तयार नाही. तुम्ही?"

मापबाईंनी डोळे मिटले. त्यांना भीती वाटत होती, पण ती पूर्वीची भीती नव्हती. "मीही नाही. चला," त्या म्हणाल्या.

मुलगी झाली. रडली ती अशी, की कपाटातल्या फाईलींनाही ऐकू गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी निवड-सहायक स्वतः वॉर्डात आले. "सतरा-ख आणलाय. शेवटी शस्त्रक्रियाच झाली ना? मग पहिल्याच दिवशी सही केली असती तर? मागची तारीख टाकून करा." सासूबाई नातीला मांडीवर घेऊन तेच म्हणाल्या, "एवढा सगळा द्राविडी प्राणायाम केलास, आणि शेवटी तेच."

"तेच नाही," नवरा म्हणाला. तो कधी आईला उलटून बोलत नसे. "तिला विचारलं होतं."

तिसऱ्या दिवशी समितीचा अहवाल आला. यंत्र निर्दोष ठरलं. चार किलो हे 'संस्थात्मक वजन' असून ते सर्वांना समान दिलं जातं, त्यामुळे भेदभाव होत नाही, असा निष्कर्ष होता. गैरसमज टाळण्यासाठी तबकडीवर चारच्या जागी शून्य रंगवून घ्यावं, बाकीचे आकडे आहेत तसे राहू द्यावेत, अशी शिफारसही होती. रंगाऱ्याला त्याच दिवशी बोलावण्यात आलं.

बघायला येणारे सगळे पाळण्यात वाकले आणि सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला : "किती भरली?" मुलीला ठेवण्याआधी तान्ह्या बाळांचा काटा मापबाईंनी पलंगावरूनच शून्यावर करून घेतला होता. पण आकडा त्यांनी कोणाला सांगितला नाही. "पुरेशी," एवढंच म्हणत राहिल्या. नणंद त्यावर चार दिवस रुसली होती.

ही हकीकत पुढे अनेकांना सांगण्यात आली. सगळे हळहळले, जिन्याखालच्या कक्षाला हसले, आयाबाईंची नक्कल पुन्हा करायला लावली. ते तीन प्रश्न कोणते होते, हे मात्र कोणी पुन्हा विचारलं नाही. निघताना दारात थांबून, आवाज जरा खाली आणून, प्रत्येकाने एवढंच विचारलं, "बाकी सगळं खरं, पण बाईंचं वजन नक्की होतं तरी किती?"

पहिल्या परिच्छेदापासून तुम्हीही तोच आकडा शोधत आला असाल, तर संकोच करू नका. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पंख्याखाली, कारकुनाची जागा सध्या रिकामी आहे. काम अवघड नाही, वर बघावंही लागत नाही, आणि तिथे आकडा अगदी स्पष्ट ऐकू येतो.